बीसीचं मिक्स डिझाईन लॅबमध्ये कसं करायचं: ठाणे-नवी मुंबईत नव्याने लॅबला लागलेल्यांसाठी

बीसी म्हणजे बिट्युमिनस काँक्रीट, रस्त्याच्या वरच्या थराचं खडी-डांबराचं मिश्रण, आणि त्यात कुठली खडी किती आणि डांबर किती हे लॅबमध्ये ठरवणं म्हणजे मिक्स डिझाईन. डिप्लोमा किंवा बीई सिव्हिल करून एखाद्या हॉट मिक्स प्लांटच्या लॅबला नाहीतर रबाळे-महापेच्या टेस्टिंग लॅबला जॉईन झालात की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी जुना मार्शलचा रिपोर्ट (मिक्सचे नमुने ठोकून, मोजून, दाबून बघायच्या टेस्टचा) हातात ठेवतं आणि सांगतं, असंच करायचं. त्यात स्टॅबिलिटी, म्हणजे मोडेपर्यंत नमुना किती भार घेतो ते, १४ केएन (किलोन्यूटन) असते, लिमिट ९, मग सगळे खूश. पण आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या खडीत ९ केएन मिळवणं काही फार अवघड नसतं, जरा बरी खडी आणि ठीक ग्रेडिंग (जाड-बारीक दाण्यांचं प्रमाण) असलं की आकडा येतोच. रस्ता खराब होतो तो दुसऱ्याच कारणाने: आत हवा किती राहिली, डांबराला जागा किती मिळाली आणि पाणी कुठून शिरलं. म्हणून आधीच सांगतो, या कामात खरा हिशोब पोकळीचा आहे, स्टॅबिलिटी त्याच्या मागून येते. रिपोर्ट वाचताना आधी एअर व्हॉइड्स (आत राहिलेली हवा), मग व्हीएमए (दगडांच्या मधली एकूण जागा), मग व्हीएफबी (त्यातली किती डांबराने भरली) आणि मग बाकीचं, अशी नजर लावून घ्या.

उदाहरण म्हणून बीसी ग्रेडिंग २ घेऊ, कारण शहरातल्या रस्त्यांच्या वरच्या थराला बहुतेक वेळा हेच असतं. नॉमिनल साईझ १३.२ मिमी, थर ३० ते ४० मिमी, डांबर व्हीजी-३० (व्हिस्कॉसिटीवर, म्हणजे घट्टपणावर, ठरणारी ग्रेड). टेंडरमध्ये मोर्थच्या, म्हणजे केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या, स्पेसिफिकेशनची पाचवी रिव्हिजन म्हणजे २०१३ ची लिहिलेली असते, त्यातलं सेक्शन ५०० आपल्या कामाचं, आणि सोबत इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी १११. दोन्हीची प्रिंट लॅबमध्ये पाहिजेच, मोबाईलमधली पीडीएफ डांबराच्या हाताने उघडता येत नाही.

आधी सॅम्पल नीट आणा

निम्मी डिझाईन इथेच बिघडतात. प्लांटवरचा हेल्पर ढिगाच्या खालून चार फावडी मारून गोणी भरतो, आणि ढिगाच्या खाली नेहमी जाडी खडी घरंगळून आलेली असते. मग तुमचं ग्रेडिंग कागदावर वेगळं आणि प्लांटमध्ये वेगळं. ढिगाच्या खाली, मध्ये आणि वर, वेगवेगळ्या बाजूंनी, वरचा सुकलेला थर बाजूला सारून माल घ्यायचा, सगळा एकत्र करून ताडपत्रीवर ढीग करायचा, चपटा करायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, असं करत करत हवं तेवढं होईपर्यंत. लोडर असेल तर ड्रायव्हरला सांगून ढिगातून एक बकेट उपसून बाजूला टाकून घ्या, त्यातून सॅम्पल घेणं सोपं जातं आणि जास्त खरं असतं. प्रत्येक साईझची निदान दोन-तीन गोणी जास्त आणा, कारण ट्रायल फसली की परत क्रशरवर जाईपर्यंत त्यांचा माल बदललेला असतो.

गोणीवर मार्करने लिहा आणि आतही चिठ्ठी टाका. जूनमध्ये बाहेरचं लिहिलेलं पुसतं हे वेगळं सांगायला नको.

खडीच्या टेस्ट

आपल्याकडे खडी म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट. तुर्भे, पनवेल, उलवे भागातल्या खाणींनी वर्षानुवर्षं दगड पुरवला, कुठल्याही डोंगराच्या कापलेल्या कड्याकडे बघितलं तर थर दिसतात. सगळा काळा दगड सारखा मात्र नसतो. घट्ट, बारीक दाण्याचा बेसॉल्ट उत्तम. पण लाव्हाच्या थराच्या वरच्या भागात बुडबुड्यांची भोकं राहतात, त्यात पांढरी खनिजं भरलेली असतात, झिओलाइट वगैरे, आणि असा दगड पाणी जास्त पितो. खडी हातात घेऊन बघा, पांढरे ठिपके किंवा लालसर-तपकिरी छटा जास्त दिसली तर वॉटर ॲब्सॉर्प्शन आधी करा, बाकीचं नंतर. लिमिट २ टक्के आहे. दीडच्या वर गेलं की मी तरी क्रशरवाल्याला फोन लावतो, कारण जी खडी पाणी पिते ती डांबरही पिते, आणि ते डांबर तुमच्या पैशाने विकत घेतलेलं असून दाण्यांना चिकटवायच्या कामी येत नाही.

बाकीचे आकडे पटापट: बीसीला इम्पॅक्ट व्हॅल्यू (ठोक्याने होणारा चुरा) जास्तीत जास्त २४ टक्के, लॉस एंजेलिस (घासून होणारी झीज) ३०, फ्लेकिनेस आणि इलोंगेशन (चपटे आणि लांबट दाणे) मिळून ३५. इम्पॅक्टमध्ये आपला बेसॉल्ट सहसा आरामात बसतो, पण आकारात मार खातो. नुसत्या जॉ क्रशरची खडी चपटी येते, पुढे कोन किंवा व्हीएसआय (दगड आपटून फोडणारा) क्रशर असेल तर घनाकार येते. कंबाइंड इंडेक्स काढताना आधी चपटे दाणे बाजूला काढायचे आणि उरलेल्यांवर इलोंगेशन करायचं, पूर्ण सॅम्पलवर दोन्ही वेगवेगळं करून बेरीज करायची नाही, ही चूक भरपूर ठिकाणी चालते आणि चांगली खडी फुकट फेल होते.

स्ट्रिपिंगमध्ये, म्हणजे पाण्यात ठेवून डांबर सुटतं का बघायच्या टेस्टमध्ये, ९५ टक्के कोटिंग टिकायला पाहिजे. बेसॉल्टला डांबर ग्रॅनाइटपेक्षा चांगलं चिकटतं हे खरं, पण ते धुतलेल्या बेसॉल्टला. खडीवर धुळीचा थर असला तर डांबर धुळीला चिकटतं, दगडाला नाही. खडी ओल्या फडक्याने पुसा, फडकं राखाडी चिखलासारखं झालं तर समजा की इथे पाणी मुरतंय, आणि ते पावसाळ्यात बाहेर येणार.

स्पेसिफिक ग्रॅव्हिटी मात्र स्वतः बसून करा, हेल्परवर सोडू नका. प्रत्येक साईझची बल्क (दाण्यातली पाणी शिरणारी भोकं धरून) आणि ॲपरंट (ती भोकं सोडून) दोन्ही काढा. का ते खाली हिशोबात कळेल.

डांबराच्या टेस्ट

व्हीजी-३० साठी आयएस ७३ ची २०१३ ची आवृत्ती. ६० डिग्रीला ॲब्सोल्यूट व्हिस्कॉसिटी २४०० ते ३६०० पॉईज, १३५ डिग्रीला कायनेमॅटिक कमीत कमी ३५० सेंटिस्टोक्स, पेनिट्रेशन (सुई किती खोल शिरते) कमीत कमी ४५, सॉफ्टनिंग पॉईंट (डांबर मऊ व्हायचं टेम्परेचर) कमीत कमी ४७ डिग्री. लहान लॅबमध्ये व्हिस्कॉसिटीचं उपकरण नसतं, मग पेनिट्रेशन आणि सॉफ्टनिंगवर भागवतात. रोजच्या टँकरसाठी ठीक आहे, डिझाईनसाठी मात्र व्हिस्कॉसिटी बाहेरून का होईना करून घ्याच, कारण ग्रेडच व्हिस्कॉसिटीवर ठरते.

सिग्नल, टोलनाका, ट्रक थांबायच्या जागा, कंटेनरची रांग लागते असे रस्ते असतील तर व्हीजी-४० किंवा मॉडिफाइड बिटुमेनचा विचार होतो. ते तुम्ही ठरवणार नाही, पण टेंडरमध्ये एक आणि टँकरच्या पावतीवर दुसरं असं दिसलं तर बोलणं तुमचं काम आहे.

डांबर गरम करायचं ते लहान डब्यांत, लागेल तेवढंच. मोठा डबा दिवसभर ओव्हनमध्ये ठेवून त्यातून काढत राहिलं की संध्याकाळपर्यंत ते कडक होतं आणि तुमचे सकाळचे आणि संध्याकाळचे मोल्ड (साच्यात ठोकून केलेल्या नमुन्यांनाही लॅबमध्ये मोल्डच म्हणतात) एकमेकांशी जुळत नाहीत. हातमोजे, पूर्ण बाह्या, बूट, यात कुचराई नको. गरम डांबर अंगावर पडलं तर ओढून काढायचं नाही, कातडी निघते सोबत, लगेच गार पाणी आणि थेट डॉक्टर.

ग्रेडिंग जुळवणं

ग्रेडिंग २ चा बँड असा: १९ मिमीच्या चाळणीतून १०० टक्के माल खाली जायचा, १३.२ मधून ९० ते १००, ९.५ मधून ७० ते ८८, ४.७५ मधून ५३ ते ७१, २.३६ मधून ४२ ते ५८ आणि शेवटी ०.०७५ मधून ४ ते १०. मधल्या चाळण्याही आहेत, पण डोकं जास्त खातात त्या या दोन, २.३६ आणि ०.०७५.

चाळणी धुऊन करायची. कोरडी चाळली तर बारीक धूळ जाड्या दाण्यांना चिकटून वरच राहते आणि ०.०७५ चा आकडा खोटा कमी येतो. कच (क्रशरचा बारीक चुरा) तर धुतल्याशिवाय चाळूच नका.

एक्सेलमध्ये प्रत्येक साईझचं पासिंग टाकायचं, टक्केवारी बदलत राहायचं आणि कर्व्ह बँडमध्ये आणायचा, सॉल्व्हर वापरा किंवा हाताने करा. पण डोळे झाकून बरोब्बर मधली लाईन पकडायच्या मागे लागू नका, मधल्या लाईनला पाय अडकवून बसलेली माणसं मी बघितलीत. बँडच्या आत राहून व्हीएमए कुठे मिळतो ते बघायचं असतं, म्हणून दोन-तीन वेगवेगळे कर्व्ह करून प्रत्येकाचे दोन-दोन मोल्ड मारून बघणं परवडतं.

आता फिलरचं, म्हणजे ०.०७५ मधून जाणाऱ्या पुडीचं, गणित जवळून बघा. समजा तुमच्या मिश्रणात कच ४० टक्के आहे आणि त्या कचातून ०.०७५ चं पासिंग ९ टक्के, म्हणजे ३.६. सोबत २ टक्के हायड्रेटेड चुना, त्याचं पासिंग ९० धरू, म्हणजे १.८. जाड्या खडीवरची धूळ सोडून द्या, एकूण ५.४ झालं, बँड ४ ते १०, निवांत. आता दोन महिन्यांनी क्रशरची जाळी बदलली किंवा त्यांनी धूळ ओढायचा पंखा बंद ठेवला आणि कचाचं पासिंग ९ चं १४ झालं. ५.६ अधिक १.८ म्हणजे ७.४. बँडमध्ये अजूनही आहे, म्हणून प्लांटवाला म्हणेल काय बिघडलं. बिघडलं हे की एकदा जॉब मिक्स (प्लांटवर पाळायचं प्रमाण) ठरलं की ०.०७५ ला सूट फक्त दीड टक्क्याची आहे, म्हणजे ६.९ पर्यंत. आणि ती सूट काय उगाच ठेवलेली नाही, दोन टक्के जास्तीची धूळ डांबर शोषून घेते, मिक्स कोरडं दिसायला लागतं, ऑपरेटर डांबर वाढवतो, आणि मग मे महिन्यात चाकोऱ्या पडल्या की सगळे डांबराच्या नावाने खडे फोडतात.

डिझाईनसाठी बॅच करताना गोणीतून थेट १० मिमी इतकं, कच इतकं असं घेण्यापेक्षा खडी चाळून प्रत्येक आकार वेगळ्या डब्यात ठेवा आणि त्यातून वजन करा. वेळ जातो, पण पंधराच्या पंधरा मोल्ड सारखे होतात.

मोल्ड मारणं

ही पद्धत ब्रूस मार्शल नावाच्या माणसाची, मिसिसिपीच्या हायवे खात्यातला, १९३९ च्या आसपासची, नंतर अमेरिकन आर्मीच्या इंजिनिअर्सनी विमानतळांसाठी ती पक्की केली. तेव्हापासून हॅमर तोच: ४.५४ किलो, ४५७ मिमीवरून पडणारा, मोल्डचा व्यास १०१.६ मिमी, ठोकलेल्या नमुन्याची उंची ६३.५ अपेक्षित, दोन्ही बाजूंनी ७५-७५ ठोके.

पुस्तकात लिहिलेलं असतं की १२०० ग्रॅम खडी घ्या. आपला बेसॉल्ट जड आहे, १२०० घेतलं की मोल्ड थोडा बुटका येतो आणि स्टॅबिलिटीला १.०४ ने गुणायची वेळ येते. १२२० च्या आसपास घेतलं तर आकारमान ५०९ ते ५२२ सीसीमध्ये बसतं आणि करेक्शनच लागत नाही. पहिला ट्रायल मोल्ड मोजून तुमच्या खडीचं वजन ठरवा.

डांबराची टक्केवारी एकूण मिक्सच्या वजनावर असते. खडीच्या नाही. ५.५ टक्के आणि खडी १२२० ग्रॅम म्हणजे डांबर १२२० गुणिले ५.५ भागिले ९४.५, उत्तर ७१ ग्रॅम. जो सरळ १२२० चे ५.५ टक्के काढतो तो ६७.१ ग्रॅम टाकतो, म्हणजे खरं तर ५.२ टक्के. ग्रेडिंग २ ला कमीत कमी ५.४ हवं. एका गुणाकारात काम स्पेसिफिकेशनच्या बाहेर.

खडी १५० ते १७०, डांबर १५० ते १६५ डिग्री आणि दोघांतला फरक १४ च्या आत, हे व्हीजी-३० साठी. खडी ओव्हनमध्ये आदल्या रात्री ठेवा, सकाळी एमआयडीसीत लाईट गेली की दोन तास उगाच जातात. मोल्ड, बेस प्लेट, कॉलर आणि हॅमरचं तोंड पण गरम पाहिजे. पहिली बॅच नेहमी फेकायची, ती बाऊल आणि उलथनं चोपडायला असते, कारण कोऱ्या बाऊलला जे डांबर आणि बारीक माल चिकटतो तो तुमच्या पहिल्या मोल्डमधून गेलेला असतो.

डांबर ओतताना बाऊल काट्यावर ठेवूनच ओता. ७१ ऐवजी ७४ पडलं तर चमच्याने काढत बसू नका, बॅच टाकून द्या. मिसळून झालं, एकही दाणा राखाडी दिसत नाही, की मोल्डमध्ये खाली कागदाची चकती, मिक्स एका दमात, गरम सुरीने कडेने १५ वेळा आणि मध्ये १० वेळा खुपसायचं, वर चकती आणि ठोके सुरू. टेम्परेचर बघा, मिक्स गार झालं असेल तर ट्रेवर परत तापवून मारू नका. हाताने हॅमर मारणारा पोरगा साठाव्या ठोक्याला थकतो आणि हॅमर तिरका पडायला लागतो, मोजायला दुसरा माणूस ठेवा. ऑटोमॅटिक असेल तरी काउंटरवर आंधळा भरवसा नको.

डांबराचे पाच डोस घ्या, अर्ध्या-अर्ध्या टक्क्याच्या फरकाने, समजा ४.५ पासून ६.५, प्रत्येकाचे तीन मोल्ड. पंधरा झाले. शिवाय प्रत्येक डोसचं सुटं मिक्स जीएमएमसाठी (आत हवा अजिबात नसती तर मिक्सची जी घनता असती ती) वेगळं काढायचं. मोल्ड रात्रभर थंड होऊ द्या, गरम असताना जॅकने ढकलले तर कडा तुटतात.

वजनं, आणि सगळा हिशोब

एका मोल्डची तीन वजनं: कोरडं हवेत, पाण्यात, आणि पाण्यातून काढून ओल्या फडक्याने पुसून हवेत. पाणी २५ डिग्री पाहिजे. एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी तीसच्या वर असतं, बादलीत बर्फ टाकून थर्मामीटरने बघत आणा नाहीतर करेक्शन लावा, अंदाजपंचे चालणार नाही. पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत.

उदाहरण: हवेत १२८८.०, पुसून १२९०.१, पाण्यात ७७५.१. आकारमान १२९०.१ वजा ७७५.१ म्हणजे ५१५. जीएमबी, म्हणजे ठोकलेल्या मोल्डची घनता, १२८८ भागिले ५१५, म्हणजे २.५०१.

जीएमएमसाठी सुटं मिक्स, १३.२ साईझला दीड किलो, हाताने पूर्ण सुटं करायचं, बारीक मालाची एकही गुठळी नको. व्हॅक्युम १५ मिनिटं, आतला दाब साधारण ३० मिमी मर्क्युरीपर्यंत उतरला पाहिजे, डबा हलवत राहायचा. त्याआधी मिक्स दोन तास ओव्हनमध्ये कॉम्पॅक्शनच्या टेम्परेचरला ठेवा म्हणजे खडीला जेवढं डांबर प्यायचंय तेवढं ती पिते. बऱ्याच ठिकाणी ही टेस्ट करतच नाहीत, फॉर्म्युल्याने जीएमएम काढतात आणि त्यात खडीची बल्क किंवा ॲपरंट जे हाताला लागेल ते घालतात. मग व्हॉइड्स हवे तसे येतात. व्हॅक्युम पंप नसेल तर डिझाईन घेऊ नका, इतकं स्पष्ट सांगतो.

समजा ५.५ टक्क्याला जीएमएम २.६०५ आला. एअर व्हॉइड्स: २.६०५ वजा २.५०१, भागिले २.६०५, गुणिले १००, म्हणजे ४.० टक्के. लिमिट ३ ते ५.

व्हीएमए म्हणजे दगडांच्या मधली एकूण जागा, त्यात हवा पण आली आणि कामाचं डांबर पण. १०० वजा, जीएमबी गुणिले खडीची टक्केवारी भागिले खडीची बल्क ग्रॅव्हिटी. बल्क २.८० धरू: २.५०१ गुणिले ९४.५ भागिले २.८० म्हणजे ८४.४, व्हीएमए १५.६. या साईझला ४ टक्के व्हॉइड्सवर साधारण १४ लागतो, पास.

आता तिथेच ॲपरंट २.९० टाकून बघा. व्हीएमए १८.५ येतो. तीन टक्के जागा हवेतून तयार झाली, कागदावर मिक्स मस्त मोकळं, प्रत्यक्षात तेच. म्हणून म्हटलं ग्रॅव्हिटी स्वतः करा. कुठल्याही रिपोर्टमध्ये बेसॉल्टचा व्हीएमए १८ च्या वर दिसला की पहिला संशय इथे घ्यायचा.

व्हीएफबी: १५.६ वजा ४, भागिले १५.६, म्हणजे ७४ टक्के. लिमिट ६५ ते ७५, पास आहे पण वरच्या काठावर, डांबर थोडंसं जरी वाढलं तरी बाहेर जाईल. ही गोष्ट रिपोर्टमध्ये दिसत नाही पण प्लांट ऑपरेटरला सांगितली पाहिजे.

स्टॅबिलिटी-फ्लो आणि ऑप्टिमम

वॉटर बाथ ६० डिग्री, ३० ते ४० मिनिटं. सगळे मोल्ड एकदम टाकू नका, मिनिटा-दोन मिनिटाच्या अंतराने टाका म्हणजे शेवटचा तासभर पाण्यात पडून राहणार नाही. बाहेर काढल्यापासून ३० सेकंदांत टेस्ट संपली पाहिजे, तेव्हा ब्रीचिंग हेडचे दांडे आधीच पुसून तेल लावून ठेवा. मशीनचा वेग मिनिटाला ५०.८ मिमी. स्टॅबिलिटी ९ केएनच्या वर, फ्लो (मोडेपर्यंत मोल्ड किती दबतो) २ ते ४ मिमी, मार्शल कोशंट (स्टॅबिलिटी भागिले फ्लो) २ ते ५.

इथे एक गंमत आहे. स्टॅबिलिटी २० केएन आणि फ्लो २ आला तर नवा माणूस खूश होतो. कोशंट काढा, १० येतो. असं मिक्स कडक आणि ठिसूळ, तडे जाणार. जास्त म्हणजे चांगलं नाही.

आता डांबराच्या टक्केवारीसमोर पाच-सहा ग्राफ: जीएमबी, व्हॉइड्स, व्हीएमए, व्हीएफबी, स्टॅबिलिटी, फ्लो. ४ टक्के व्हॉइड्स जिथे मिळतात तो डोस ऑप्टिमम म्हणून घ्यायचा आणि त्या डोसला बाकी सगळं लिमिटमध्ये आहे का बघायचं. व्हीएमएचा ग्राफ खाली येऊन परत वर चढतो, तुमचा डोस तळाच्या डाव्या अंगाला असलेला बरा. उजव्या चढणीवर असाल तर डांबर दगडांना एकमेकांपासून लांब ढकलायला लागलंय. ग्राफ सरळ रेषेत आला, किंवा पंधराही मोल्डचे आकडे अगदी गुळगुळीत कर्व्हवर बसले, तर कोणीतरी टेबलवर बसून रिपोर्ट लिहिलाय हे समजायला फार अनुभव लागत नाही.

टीएसआर (पाण्यात राहून मिक्सची ताकद किती टिकते ती टेस्ट), आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचं

चार महिने पाऊस, खाडीच्या कडेचे रस्ते, गटार तुंबलं की तासन्तास साचलेलं पाणी. ठाण्यात कोणालाही विचारा, खड्डा पहिला कुठे पडतो तर जिथे पाणी थांबतं तिथे. म्हणून ऑप्टिमम डोसला सहा मोल्ड वेगळे मारायचे, पण या वेळी ७५ ठोके नाही, व्हॉइड्स मुद्दाम ७ टक्के, एक खाली-वर, येतील इतकेच ठोके. किती ते ट्रायलने ठरतं. तीन कोरडे ठेवायचे, तीन व्हॅक्युमने पाणी भरून ७० ते ८० टक्के सॅच्युरेट करायचे, ६० डिग्रीच्या पाण्यात २४ तास, मग सगळे २५ डिग्रीला आणून आडवे ठेवून फोडायचे. ओल्यांची ताकद भागिले कोरड्यांची, ८० टक्क्यांच्या वर पाहिजे.

४ टक्के व्हॉइड्सच्या मोल्डवर टीएसआर केला तर पाणी आत शिरतच नाही आणि ९५ येतो. दिसायला छान. रस्त्यावर पहिल्या दिवशी व्हॉइड्स ७-८ च्या घरातच असतात, म्हणून टेस्ट तशी आहे.

फोडल्यावर तुकडे उजेडात नेऊन बघा. आतले दगड काळे आहेत की राखाडी दिसायला लागलेत? आकडा ८२ आणि आत राखाडी दाणे, तर मी तरी सही करत नाही. उपाय म्हणजे २ टक्के हायड्रेटेड चुना फिलर म्हणून, किंवा अँटी-स्ट्रिपिंग एजंट. चुन्याची पिशवी उघडी पडून महिनाभर झालेली असेल तर ती वापरू नका, दमट हवेत तो हायड्रेटेड चुना राहत नाही, कार्बोनेट होऊन बसतो.

लॅबमधून प्लांटवर

लॅबचं डिझाईन हे जॉब मिक्स नव्हे. बॅच प्लांट असेल तर हॉट बिनमधून (तापलेल्या खडीच्या कप्प्यांमधून) परत सॅम्पल घेऊन परत ग्रेडिंग जुळवा, कारण ड्रायरमधून जाताना खडी तुटते आणि धूळ बॅग फिल्टरमध्ये जाते. ड्रम प्लांटला कोल्ड फीडचं (थंड खडी आत सोडायच्या फीडरचं) कॅलिब्रेशन हाच सगळा खेळ. पावसानंतर ऑक्टोबरमध्ये प्लांट सुरू होतात तेव्हा कच ओला असतो, ओल्या कचाचं वजन कंट्रोल रूममध्ये कोरड्यासारखं धरलं की फिलर पण चुकतो आणि डांबरही. ओलाव्याची टक्केवारी रोज सकाळी काढून ऑपरेटरच्या हातात द्या.

ट्रायल झाली की मिक्समधून डांबर काढून बघायचं, सेंट्रिफ्यूजने, सूट ०.३ टक्क्याची. सॉल्व्हंटचा वास डोक्यात जातो आणि तो विषारी आहे, बंद एसी खोलीत हे काम करू नका, एक्झॉस्ट नसेल तर गॅलरीत करा.

आणि टेम्परेचर. व्हीजी-३० च्या मिक्सला पेव्हरमध्ये पडताना निदान १४० आणि रोलिंग संपताना निदान ९० पाहिजे. महापेहून निघालेला डंपर विटावा-कळव्याला अडकला की ताडपत्री असूनही कडेचा माल गार होतो. थर्मामीटर माथ्यावरच्या मालात नाही, निदान सहा इंच आत आणि कोपऱ्यातही घालून बघा. रात्रीचं काम, साहेब घाईत, मागे ट्रॅफिकवाले शिट्ट्या मारतायत, अशा वेळी १२० चा डंपर परत पाठवायला जीव लागतो, पण वहीत वेळ आणि टेम्परेचर लिहिलेलं असलं की बोलणं सोपं जातं.

दुसऱ्या दिवशी कोर काढा. घनता जीएमएमच्या ९२ टक्के तरी पाहिजे, आपल्या उदाहरणात २.३९७. कोर नुसते पेव्हरच्या मधल्या पट्ट्यात काढू नका, जॉईंटजवळचा एक तरी घ्या, कमी तिथेच येतं. कोर काढलेलं भोक त्याच दिवशी गरम मिक्सने ठोकून भरायचं.

डिझाईनची उरलेली खडी, डांबराचा एक सीलबंद डबा आणि दोन मोल्ड तारखेसकट वर्षभर ठेवा. खाण बदलली, क्रशर बदलला किंवा डांबराची ग्रेड बदलली की जुना रिपोर्ट रद्द, सगळं पहिल्यापासून. नव्या खाणीची खडी आली आणि जुन्याच रिपोर्टवर तारीख बदलून द्यायला सांगितलं, तर नव्या खडीची फक्त ग्रॅव्हिटी आणि वॉटर ॲब्सॉर्प्शन करून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवून दाखवा, बहुतेक वेळा तेवढ्यावर विषय मिटतो.